बाळाच्या बाटलीचं निपल अधिक चांगलं कसं घडवावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत रबर आणि सिलिकॉनच्या साच्यांचं डिझाइन करणं हे माझं रोजचं काम. गेली काही वर्षं त्यातला मोठा वेळ एकाच वस्तूवर जातो आहे: दुधाच्या बाटलीचं निपल. बाळंतीण, तिची आई, नवजात विभागातल्या सिस्टर, टूलरूममधले कारागीर आणि इंजिनिअरिंगची मुलं यांच्याकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. बाळ आजारी असेल, वजन वाढत नसेल किंवा दूध पिताना निळसर पडत असेल तर हे पान बाजूला ठेवा आणि आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा.

आईचं दूध असताना निपलचा विचारच कशाला?

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हा सल्ला पक्का आहे आणि माझंही मत तेच आहे. पण काही बाळांच्या टाळूला फट असते, काहींची आई अतिदक्षता विभागात असते, काहींना आईच नसते. कुणाची आई सातपूरला कारखान्यात पाळीवर जाते आणि सकाळी काढून ठेवलेलं दूध दुपारी आजी पाजते. या बाळांच्या तोंडात जे निपल जाईल ते विचार करून घडवलेलं असावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

ही कुठल्या कंपनीची जाहिरात आहे का?

नाही, आणि तशी करताही येत नाही. आपल्याकडे १९९२ चा शिशु दुग्धपर्यायांविषयीचा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्यातली 'फीडिंग बॉटल'ची व्याख्या वाचा: बाटलीला लावलेलं किंवा लावता येण्यासारखं निपल आणि व्हॉल्व्हही तिच्यात येतात. त्यामुळे निपलची जाहिरात करणं, गरोदर बाईला किंवा बाळंतिणीला मोफत नमुने देणं, डॉक्टर-नर्सना त्यासाठी भेटवस्तू देणं, हे सगळं बेकायदा आहे. बाटलीवर आयएसआय मार्क असणंही याच कायद्याने सक्तीचं केलं आहे. नवउद्योजक मुलं 'आम्ही दवाखान्यात फ्री सॅम्पल वाटू' असं सहज बोलून जातात. त्यांना मी आधी हा कायदा वाचायला सांगते, ड्रॉइंग नंतर उघडते. कायदा जाचक वाटतो म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की बाटलीच्या धंद्याने जगभर आईच्या दुधाचं नुकसान केलं, म्हणूनच १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी आचारसंहिता आणली.

बाळ दूध ओढतं तेव्हा नेमकं काय करतं?

सगळं डिझाइन इथून सुरू होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बाळ दोन गोष्टी एकत्र करतं. जिभेने आणि हिरड्यांनी ते दाब देतं, आणि जीभ खाली नेऊन तोंडात पोकळी तयार करतं. दूध येतं ते मुख्यतः दाबल्यामुळे, असं बराच काळ मानलं जायचं. ऑस्ट्रेलियात डोना गेडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगावर पिणाऱ्या बाळांची अल्ट्रासाउंडने पाहणी केली, तेव्हा जीभ खाली जाते त्याच क्षणी दूध वाहतं असं दिसलं. म्हणजे ओढ महत्त्वाची. त्यांच्या २००८ च्या अभ्यासात ही ओढ सर्वात जोरात असताना सरासरी १४५ मि.मी. पाऱ्याच्या (रक्तदाब मोजतात तेच माप) आसपास होती.

दुधाने तोंड भरलं की बाळ साधारण सेकंदाला एकदा चोखतं. नुसतं चाळा म्हणून चोखतं तेव्हा वेग जवळपास दुप्पट असतो. प्रत्येक घोटाला श्वासनलिका क्षणभर बंद होते. चोखणं, गिळणं आणि श्वास ही तिन्ही कामं एकमेकांत गुंफलेली असतात, आणि हा ताल गर्भाच्या साधारण ३४ व्या आठवड्याला जमायला लागतो. म्हणूनच वेळेआधी जन्मलेल्या बाळाला दूध पाजणं इतकं जोखमीचं.

आणखी एक. दमलं की बाळ थांबतं, दोन-चार श्वास घेतं आणि पुन्हा सुरू करतं. अंगावर पिताना ते थांबलं की दूधही बहुतेक थांबतं. उलट्या धरलेल्या बाटलीत तसं होत नाही. १० सें.मी. उंचीच्या दुधाचा दाब जेमतेम साडेसात मि.मी. पारा, बाळाच्या ओढीपुढे अगदीच किरकोळ. पण बाळाची ओढ थांबते, दुधाचं वजन मात्र थांबत नाही. श्वास घ्यायला थांबलेल्या बाळाच्या तोंडात थेंब पडतच राहतात आणि त्याला ते गिळावेच लागतात.

मग चांगल्या निपलची पहिली कसोटी कोणती?

दूध किती आणि कधी यावं हे बाळाने ठरवावं. ओढलं की यावं, थांबलं की थांबावं. मऊपणा, आकार, रंग, देखणेपणा हे सगळं त्यानंतर.

पाकिटावर 'स्लो फ्लो' किंवा '०ते ३ महिने' लिहिलेलं असतं. त्यावर भरवसा ठेवावा का?

नको. 'स्लो' म्हणजे मिनिटाला किती मि.लि. हे सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेलं नाही. अमेरिकेतल्या संशोधक परिचारिका ब्रिट पॅडोस यांनी बाजारातली निपल ब्रेस्ट पंपाला लावून मोजली. त्यांच्या २०१६ च्या अभ्यासात 'स्लो' आणि 'नवजात, ० ते ३ महिने' अशा नावांनी विकली जाणारी निपल मिनिटाला १.६८ मि.लि. पासून १५.१२ मि.लि. पर्यंत दूध सोडत होती. एकाच नावाखाली नऊपट फरक! एकाच पाकिटातल्या दोन निपलांतही फरक सापडतो, कारण भोक मि.मी.च्या दशांशातलं असतं आणि तिथे थोडी चूकही फार होते.

वयाचा आकडा तर मला पार काढून टाकावासा वाटतो. दोन महिन्यांची दोन बाळं सारख्या वेगाने पीत नाहीत. निपलवर मि.लि. प्रतिमिनिट छापावं आणि तो किती ओढीला मोजला तेही लिहावं. औषधाच्या बाटलीवर मात्रा असते, मग इथे का नको? आई किंवा सिस्टर दोन निपलांची खरी तुलना तेव्हाच करू शकेल.

दूध लवकर येत नाही म्हणून सासूबाई सुई तापवून भोक मोठं करतात. चालेल का?

कृपा करून करू नका. त्यांच्या काळात रबराची निपल भोकाविनाही मिळायची आणि घरीच भोक पाडावं लागायचं, त्यामुळे त्यांची सवय समजण्यासारखी आहे. पण हिशोब बघा. भोक ०.३ मि.मी.चं ०.४ झालं तर डोळ्याला फरक दिसत नाही, क्षेत्रफळ मात्र जवळपास पावणेदोन पट होतं. निपलची भिंत जाड असेल, म्हणजे भोक बारीक नळीसारखं असेल, तर प्रवाह तिपटीच्या वर जाऊ शकतो. शिवाय तापलेल्या सुईने भोकाची कड खडबडीत होते. सिलिकॉन फाटायला सुरुवात होते ती अशाच कडेपासून, आणि फाटलेला तुकडा बाळाच्या घशात अडकू शकतो.

दूध कमी येतंय असं वाटलं तर आधी तीन गोष्टी तपासा: भोकात पावडरची गुठळी किंवा सायीचा कण अडकलाय का, बाटलीची रिंग फार आवळली आहे का, आणि बाळाला खरंच भूक आहे का. तिन्ही ठीक असतील तर पुढच्या प्रवाहाचं निपल आणा. गाईचं दूध किंवा पावडरचं घट्ट दूध बारीक भोकातून सावकाश येतं, म्हणून दूध घट्ट करू नका आणि भोकही वाढवू नका. पावडर आणि पाण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच ठेवा.

बाळाला दूध जास्त येतंय की कमी, हे कसं ओळखायचं?

जास्त येत असेल तर ओठांच्या कोपऱ्यातून ओघळतं, घोट मोठ्याने ऐकू येतात, कपाळाला आठ्या पडतात, डोळे विस्फारतात, हाताची बोटं ताणून फाकतात, बाळ मान वळवून घेतं किंवा ठसकतं. बोटांची खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कमी येत असेल तर निपल चपटं होतं, बाळ चिडतं किंवा थकून अर्ध्या बाटलीवरच झोपतं.

जास्त येत असेल तर लगेच करता येण्यासारखं काहीतरी आहे. बाळाला थोडं उभं धरा, बाटली जवळजवळ आडवी ठेवा म्हणजे निपलपुरतंच दूध भरलेलं राहील, आणि बाळ थांबलं की बाटलीची मागची बाजू खाली करा. दुधाच्या वजनाचा दाब यानेच कमी होतो.

निपल मध्येच चपटं होऊन चिकटतं. असं का?

बाटलीतून दूध बाहेर आलं तर तेवढी हवा आत जायला हवी. नाही गेली तर काय होतं, याचा हिशोब मी शिकाऊ मुलांना फळ्यावर करायला लावते. १२० मि.लि.ची बाटली अर्धी भरली आहे, वर ६० मि.लि. हवा आहे. बाळाने १० मि.लि. दूध ओढलं आणि बाहेरून हवा आलीच नाही, तर तीच हवा ७० मि.लि. जागेत पसरते, म्हणजे दाब एक सप्तमांशाने उतरतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब ७१० मि.मी. पाऱ्याच्या आसपास असतो. त्याचा सातवा भाग शंभरावर जातो. बाळाच्या ओढीची ताकद याच घरातली. म्हणजे पहिल्या १० मि.लि.लाच बाटली बाळाच्या बरोबरीने उलटी ओढायला लागते! बाळ तोंड सोडतं, हवा बुडबुड करत आत जाते आणि पुन्हा तेच. आपल्याला वाटतं बाळ नखरे करतंय.

यावर उपाय हवेच्या वाटेचा. निपलच्या खालच्या पट्टीत बारीक चीर ठेवतात. ती आत हवा घेते, बाहेर दूध सोडत नाही. चांगल्या व्हेंटमधून पिताना बुडबुड्यांची बारीक माळ सतत वर जाताना दिसते. रिंग गच्च आवळली की पट्टी दाबली जाते आणि चीर बंद होते. दूध सांडू नये म्हणून घरोघर नेमकं हेच केलं जातं. माझ्या मते दोष आवळणाऱ्याचा नाही, डिझाइनचा आहे. रिंग कितीही आवळली तरी चिरेवर दाब येणार नाही अशी पायरी पट्टीतच द्यायला हवी. साच्यात ही पायरी काढणं अवघड नाही.

अशा हवेच्या वाटेने पोटात वारा धरणं बंद होतं का?

हवा गिळणं कमी होऊ शकतं. पण बाळ रडण्याची कारणं अनेक असतात, त्यामुळे 'पोटदुखी बंद' असा दावा कुणीही करू नये.

भोक गोल असावं, की चिरेचं?

गोल भोकाचा प्रवाह सांगता येतो, मोजता येतो, पण ओढ थांबल्यावरही त्यातून थेंब गळू शकतो. चीर किंवा अधिकचं चिन्ह कापलेलं असेल तर ते दाबल्यावर उघडतं आणि सोडल्यावर मिटतं, म्हणजे बाळाच्या हाती जास्त राहतं. मात्र चिरेची टोकं हळूहळू पुढे फाटतात आणि महिन्याभरात तेच निपल वेगळं वागू लागतं. मला नवजात बाळासाठी बारीक गोल भोक आणि चांगली हवेची वाट ही जोडी जास्त भरवशाची वाटते. चीर डॉक्टरांनी सांगून घट्ट केलेल्या दुधासाठी आणि खास गरजेच्या बाळांसाठी ठेवावी.

आकार 'अगदी आईच्या स्तनासारखा' असल्याचं सांगतात. त्यात तथ्य किती?

फार थोडं. आईचं स्तनाग्र तोंडात गेल्यावर लांब होतं, बाळाच्या तोंडाच्या मापाने बदलतं. सिलिकॉनचं निपल फारसं बदलत नाही. बाहेरून दिसणारं साम्य मोठ्यांच्या डोळ्यांसाठी असतं.

तोंडात उपयोगी पडतात त्या गोष्टी वेगळ्या. टोकापासून बुडाकडे उतार सलग हवा, म्हणजे ओठ उघडून बाहेर वळतात आणि कड नीट बसते. मध्येच खांदा असेल तर बाळ फक्त टोक पकडतं आणि बाजूने हवा घेतं. टोक फार लांब असेल तर उमासा येतो, कमी वजनाच्या बाळाला जास्तच. एका बाजूने चपटं, 'जबड्याला योग्य' म्हणून विकलं जाणारं निपल १९५० च्या दशकात जर्मनीत आलं. ते काही बाळांना आवडतं, पण उलटं धरलं तर भोक चुकीच्या दिशेला जातं. रात्री तीन वाजता अर्धवट झोपेत निपलची दिशा बघायला लावणं मला पटत नाही, म्हणून माझी पसंती गोलालाच.

रबर घ्यावं की सिलिकॉन?

नैसर्गिक रबराचं पिवळसर निपल मऊ असतं, चावलं तरी पटकन फाटत नाही. पण उकळून, उन्हाने आणि दुधातल्या स्निग्धांशाने ते चिकट होतं, फुगतं. काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते. शिवाय रबर पक्कं करताना वापरलेल्या रसायनांतून नायट्रोसामाइन, म्हणजे कर्करोगाशी संबंध असलेली द्रव्यं, तयार होऊ शकतात. युरोपने १९९३ मध्येच निपलमधून सुटणाऱ्या नायट्रोसामाइनवर किलोमागे ०.०१ मि.ग्रॅ. अशी मर्यादा घातली.

सिलिकॉन पारदर्शक असतं, वास धरत नाही, उकळलं तरी टिकतं. त्याचा दोष एकच पण मोठा: एकदा चीर गेली की ती सरसर वाढते. पहिला दात आलेल्या बाळाच्या हाती सिलिकॉनचं निपल चघळायला देऊन उठू नका.

साचा बनवताना काय सांभाळावं लागतं?

हा प्रश्न अंबड-सातपूरचे कारागीर विचारतात. ऑइल सील आणि ग्रोमेट बनवणाऱ्या हातांना निपल सोपं वाटतं. तसं ते नसतं.

द्रव सिलिकॉन दोन भागांत येतं. ते सारख्या प्रमाणात मिसळतात, थंड ठेवतात आणि १७० ते २०० अंशांच्या तापलेल्या साच्यात सोडतात. तापण्याआधी ते इतकं पातळ असतं की पाच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग) फटीतही शिरतं आणि फ्लॅश, म्हणजे कडेला पातळ पापुद्र्यासारखी झालर, येते. गाडीच्या ग्रोमेटला फ्लॅश आली तर कातरून टाकता येते. इथे ती बाळाच्या ओठाला लागते. म्हणून पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ) ओठ टेकतात त्या भागात आणूच नका, खाली पट्टीच्या कडेला न्या. सिलिकॉन साच्यातून निघाल्यावर दोन ते तीन टक्के आकसतं, तेवढं माप आधीच धरा.

०.३ मि.मी.च्या भोकासाठी साच्यात पिन ठेवली तर ती वाकते. वाकलेल्या पिनचं भोक तिरकं येतं आणि धार टाळूवर बसते. त्यापेक्षा भोक नंतर लेझरने पाडलेलं बरं, कड स्वच्छ मिळते. बारीक भोकांचं ज्ञान या शहराला नवीन नाही. डिझेल इंजिनांच्या नोझल सातपूरला वर्षानुवर्षं बनताहेत आणि भोकाची गोलाई मोजणारी माणसं आपल्या आसपास आहेत. त्यांना विचारा.

आता सगळ्यात जास्त घोटाळा होतो ती जागा. चांगलं निपल प्लॅटिनमने पक्कं होणाऱ्या सिलिकॉनचं असतं, आणि हे प्लॅटिनम गंधकाला अतिशय हळवं आहे. त्याच शेडमध्ये गंधकाने पक्कं होणारं रबर चालू असेल, किंवा कुणी लॅटेक्सचे हातमोजे घालून साचा पुसला असेल, तर नेमक्या त्या जागी सिलिकॉन पक्कं होत नाही, बोटाला चिकट लागतं. कारागीर तापमान वाढवतो, वेळ वाढवतो, काही उपयोग होत नाही. मोजे बदलून नायट्राइलचे घेतले की चिकटपणा जातो. निपलचं काम वेगळ्या खोलीतच हवं.

बाहेर पडलेलं निपल लगेच वापरायचं नसतं. साधारण २०० अंशांवर चार तास भट्टीत ठेवून उरलेली उडणारी द्रव्यं काढून टाकतात. वीजबिल वाचवायला ही पायरी गाळणारे असतात. त्यांच्याकडून माल घेऊ नका.

साच्याला आरशासारखं पॉलिशही नको. चकचकीत सिलिकॉन जिभेला आणि ओठाला चिकटतं, धूळ धरतं. स्पार्किंगची (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरण्याची) बारीक मॅट फिनिश ओठाच्या भागाला द्या आणि टोक गुळगुळीत ठेवा.

थ्रीडी प्रिंटरवर नमुना काढून बाळाला देऊन बघता येईल का?

मुळीच नाही. प्रिंटरची रेझिन तोंडात घालण्यासाठी नसतात. छापलेल्या रेझिनच्या साच्यात प्लॅटिनम सिलिकॉन ओतलं तर तेही बहुधा पक्कं होत नाही. आकार हातात धरून बघायला प्रिंट उत्तम, दुधासाठी ॲल्युमिनियमचा एका पोकळीचा साचा करा.

प्रवाह घरच्या घरी किंवा कॉलेजात कसा मोजायचा?

विजेचा ब्रेस्ट पंप, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा, घड्याळ आणि साधा निर्वात-मापक एवढं पुरे. निपल उलट्या बाटलीला लावा, पंपाच्या कपात हवाबंद बसवा, ओढ ठरावीक ठेवा, एक मिनिटाने गोळा झालेलं पाणी तोला. एक ग्रॅम म्हणजे एक मि.लि. धरा. मग तेच पावडरच्या दुधाने करा, आणि शेवटी पंप बंद ठेवून नुसतं किती गळतं तेही तोला. हा शेवटचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो शून्याच्या जितका जवळ तितकं बाळ निवांत. एकाच लॉटमधली बरीच निपल मोजा, सरासरीपेक्षा सर्वात जलद आणि सर्वात मंद निपलातलं अंतर लिहून ठेवा.

बाळांवर चाचणी कशी करायची?

ओळखीच्यांच्या बाळावर नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रुग्णालयाच्या नैतिकता समितीची परवानगी, आई-वडिलांना समजेल अशा मराठीत लिहिलेलं संमतीपत्र आणि जवळ प्रशिक्षित सिस्टर, हे नसेल तर चाचणी नाही. अंगावर उत्तम पिणाऱ्या बाळाला चाचणीसाठी बाटली लावणंही चूकच.

टाळूला फट असलेल्या बाळासाठी वेगळं निपल लागतं का?

हो. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाला ओठ किंवा टाळू फाटलेली असते. टाळूला फट असेल तर तोंडात पोकळी तयारच होत नाही, बाळ कितीही ओढो. पण हिरड्यांनी दाबणं त्याला जमतं. या एकाच निरीक्षणावर उत्तर बेतलेलं आहे: निपल आणि बाटली यांच्यामध्ये एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह. बाळाने दाबलं की दूध परत बाटलीत जात नाही, तोंडातच येतं.

ब्रिटनमधल्या मँडी हेबरमन यांची मुलगी १९८० मध्ये अशाच अडचणीसह जन्मली. त्या ना डॉक्टर होत्या ना मोठ्या कारखान्याच्या मालक. मुलीची उपासमार बघून त्यांनी व्हॉल्व्ह आणि चीर असलेलं निपल घडवलं. ते तोंडात फिरवलं की चिरेची दिशा बदलते आणि प्रवाह कमी-जास्त होतो. आजही जगभरच्या रुग्णालयांत ते वापरलं जातं. आपल्याकडे असं निपल गावात सहज मिळत नाही आणि महाग पडतं. सिन्नर किंवा दिंडोरीच्या आईला ते परवडेल अशा किमतीत बनावं, हे मला या सगळ्या कामातलं सर्वात मोलाचं वाटतं. तोवर मऊ, हाताने दाबता येणारी बाटली किंवा वाटी-चमचा, आणि तेही दवाखान्यात शिकून घेतल्यावरच.

बोंडलं किंवा वाटी-चमचा वापरला तर निपलची गरज पडते का?

पुष्कळदा पडत नाही. नाशिकच्या भांडी बाजारात आणि सराफांकडे चोचीचं बोंडलं अजून मिळतं, बारशाला आहेर म्हणून येतंही. धुवायला ते बाटलीपेक्षा कितीतरी सोपं. बोंडल्याने दूध तोंडात ओतायचं मात्र नाही. चोच खालच्या ओठाला टेकवायची आणि बाळ जीभ पुढे काढेल तेवढंच द्यायचं. कमी दिवसांच्या बाळांना रुग्णालयात वाटी-चमच्यानेच पाजतात त्यामागेही हेच कारण: वेग बाळाच्या हाती राहतो.

स्वच्छतेसाठी डिझाइनमध्ये काय करावं?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत लांब रबरी नळीची बाटली घरोघर होती. बाळ एकटं पडून पीत राही, आईला मोकळीक मिळे. पण नळी आतून धुताच येत नसे. जंतूंनी इतकी बाळं गेली की तिला 'खुनी बाटली' म्हणू लागले आणि फ्रान्सने १९१० मध्ये तिच्यावर बंदी घातली.

माझा नियम यावरूनच आला. ज्या कोपऱ्यात करंगळी किंवा साधा ब्रश पोचत नाही तो कोपरा ठेवायचा नाही. निपल पूर्ण उलटं करून धुता आलं पाहिजे. पाच-सहा तुकड्यांची, आत नळी असलेली बाटली प्रयोगशाळेत उत्तम चालते, पण एक तास पाणी येणाऱ्या घरात तिचा एखादा तुकडा न धुता राहतोच. बोअरचं पाणी जड असेल तर उकळताना क्षार बसून भोक बारीक होतं. अशा वेळी नळाचं गाळलेलं पाणी वापरा.

धुताना आधी थंड पाण्याने दुधाचा थर काढा, मग साबण आणि ब्रश, मग पाण्यात बुडवून किमान पाच मिनिटं उकळा. पावडरचं दूध ७० अंशांपेक्षा कमी नसलेल्या पाण्यात करा आणि कोमट करून पाजा. उरलेलं फेका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर ते परत पाजण्याचा विचारही नको.

मायक्रोप्लास्टिकचं काय?

काळजी खरी आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकच्या बाटल्यांतून लिटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटलेले मोजले, गरम पाण्याने जास्त. वाफेने निर्जंतुक केल्यावर सिलिकॉनच्या निपलमधूनही कण सुटतात असं पुढच्याच वर्षी दिसलं. दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात तयार करून कोमट झाल्यावर बाटलीत भरा, आणि निपल उकळल्यावर थंड झालेल्या स्वच्छ पाण्याने विसळून घ्या. उकळणं मात्र थांबवू नका, जंतूंचा धोका तात्काळचा आहे.

नवीन निपल सुचलं तर पेटंट घ्यावं का?

युक्ती यंत्रणेत असेल, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा हवेची वाट, तर पेटंट, मुदत २० वर्षं. नुसता आकार असेल तर डिझाइन नोंदणी, १० वर्षं आणि पुढे ५. नाशिककरांचा अर्ज मुंबई कार्यालयात जातो. आधी तात्पुरतं विवरण भरलं की पूर्ण विवरणाला १२ महिने मिळतात. अर्ज भरण्याआधी प्रदर्शनात मांडू नका आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाकू नका.

निपल किती दिवसांनी बदलायचं?

दोन-तीन महिन्यांनी, आणि त्याआधी चीर, चिकटपणा, फुगवटा किंवा रंगात बदल दिसला तर त्याच दिवशी. रोज वापरण्याआधी टोक धरून जोरात ओढा, उजेडासमोर धरून भोकाची कड बघा. नवीन निपल आणलं की बाटलीत पाणी भरून उलटी धरा, अर्ध्या मिनिटात किती थेंब पडतात ते मोजा आणि तो आकडा फ्रिजवर लिहून ठेवा. दर आठवड्याला पुन्हा मोजा. थेंब दीडपट झाले की निपल केरात टाका, मग ते दिसायला कितीही नवं असो.